टक्केवारी बाजूला ठेवा: नदीखोऱ्यातला लांबलेला जलशास्त्रीय दुष्काळ कसा मोजायचा

पुण्यात दुष्काळ टक्क्यांत बोलला जातो. खडकवासला साखळीत किती टक्के, उजनी प्लसमध्ये (मृतसाठ्याच्या वर) आली का, पवना किती भरलं. रोजच्या पाण्याच्या चिंतेला ही भाषा पुरते. पण गेल्या चाळीस वर्षांत या खोऱ्याला पाण्याचा दुष्काळ किती वेळा पडला, किती वर्षं टिकला आणि कोणता सर्वांत खोल होता, हे विचारलं की ती टक्केवारी कामाची राहत नाही.

हा लेख पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे: प्रकल्प करणारे विद्यार्थी, पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थांतले कार्यकर्ते, किंवा गावाच्या पाणी आराखड्यासाठी आकडे जमवणारे कुणीही. उदाहरणं भीमेच्या वरच्या खोऱ्यातली, म्हणजे भीमाशंकरपासून उजनीपर्यंतची आहेत, कारण मी काम तिथे केलं. क्रम मात्र कुठल्याही धरणांच्या खोऱ्याला चालेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दुष्काळाची तीव्रता एका आकड्यात सांगणाऱ्या निर्देशांकाचं सूत्र एका दुपारीत शिकता येतं. खरा वेळ जातो तो पाण्याचा हिशेब जुळवण्यात, आणि नवखे लोक नेमका तोच भाग गाळतात.

१. कोणता दुष्काळ मोजताय ते कागदावर लिहा

पाऊस कमी पडला तो हवामानशास्त्रीय दुष्काळ. पीक करपलं तो कृषी दुष्काळ. नदी, धरण आणि विहिरीतलं पाणी नेहमीपेक्षा बराच काळ खाली राहिलं तो जलशास्त्रीय दुष्काळ. तिघं एकामागून एक येतात, पण प्रत्येक वेळी सोबत येतीलच असं नाही, आणि जातानाही एकत्र जात नाहीत.

२०१९ आठवा. जूनमध्ये उजनी मृतसाठ्याच्या (एरवी वापरायला न काढल्या जाणाऱ्या तळाच्या पाण्याच्या) पातळीखाली खूप उतरली होती. ऑगस्टच्या सुरुवातीला सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेल्या पावसाने ती भरली आणि पंढरपुरात पूर आला. पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांत मात्र तेव्हा पावसाची वाटच पाहणं चालू होतं. धरणाकडे पाहिलं तर दुष्काळ संपला होता, शिवाराकडे पाहिलं तर नव्हता.

सरकारी ‘दुष्काळ जाहीर’ ही चौथीच गोष्ट. ती तालुकावार असते आणि एका हंगामापुरती असते. पूर्वी ती पैसेवारीवर, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजावर चाले. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पाऊस, पेरणी, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, धरणसाठा, भूजल असे निकष आले. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी राज्यात ४० तालुके जाहीर झाले ते याच निकषांवर. ती यादी पडताळणीला उपयोगी पडते. तिला आपलं उत्तर समजू नका.

२. खोऱ्याची हद्द आणि हिशेबाचा बिंदू ठरवा

‘भीमा खोरं’ म्हणून चालणार नाही. एक बिंदू निवडा आणि त्याच्या वरचं सगळं पाणलोट क्षेत्र धरा. खडकवासला धरणाची भिंत हा एक बिंदू. दौंडचं सरिता मापन केंद्र (नदीचा प्रवाह मोजण्याची जागा) हा दुसरा. तिथवर मुळा-मुठा, इंद्रायणी, भामा या सगळ्या भीमेत आलेल्या असतात. उजनी हा तिसरा, त्याच्या वरचं क्षेत्र सुमारे १४,८५० चौरस किलोमीटर.

हद्द आखायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि एसआरटीएमचा ३० मीटरचा उंचीनकाशा पुरतो. आखून झाल्यावर क्षेत्रफळ जलसंपदा विभागाच्या प्रकल्प अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहा. दोन-तीन टक्क्यांचा फरक चालतो. त्याहून जास्त निघाला तर बहुतेक वेळा बिंदू नदीच्या रेषेवर नीट बसलेला नसतो.

कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाच्या कागदांत वरच्या भीमेला के-५ आणि खालच्या भीमेला के-६ म्हणतात. भूजलवाल्यांचे पाणलोट क्रमांक ‘बीएम’ने सुरू होतात. या दोन नावपद्धतींच्या हद्दी वेगळ्या आहेत. दोन्हीकडचे आकडे एका तक्त्यात घालण्याआधी नकाशे एकमेकांवर ठेवून पाहा.

३. आकडे आणि कागदपत्रं जमवा

लागणाऱ्या गोष्टी आणि त्या मिळण्याची ठिकाणं अशी:

- पाऊस: भारतीय हवामान विभाग, शिवाजीनगर. जुने पुणेकर अजून ‘शिमला ऑफिस’ म्हणतात तेच. पाव अंशाच्या जाळीवरचा रोजचा पाऊस १९०१ पासून मोफत उतरवता येतो. केंद्रनिहाय नोंदींसाठी अर्ज करावा लागतो.
- धरणांच्या रोजच्या नोंदी: पातळी, साठा, कालव्याचा विसर्ग, सांडवा, पिण्याचा व औद्योगिक उपसा, बाष्पीभवन. या संबंधित पाटबंधारे विभागाकडे असतात. पुण्यात सुरुवात मंगळवार पेठेतल्या सिंचन भवनापासून करा.
- नदीचा प्रवाह: राज्याच्या केंद्रांचे आकडे नाशिकच्या जलविज्ञान प्रकल्प कार्यालयाकडे, केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रांचे (टाकळी, वडकबाळ, यादगीर वगैरे) इंडिया-डब्ल्यूआरआयएस संकेतस्थळावर. दक्षिणेकडच्या नद्यांचे आकडे गंगा-सिंधूसारखे गोपनीय नाहीत. कुणी तसं सांगितलं तर नम्रपणे लेखी उत्तर मागा.
- विहिरींच्या पातळ्या: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पुण्याचं भूजल भवन.
- धरणाचा पातळी-साठा-क्षेत्र तक्ता आणि शेवटच्या गाळ सर्वेक्षणाचा अहवाल. गाळाची सर्वेक्षणं नाशिकची ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) करते.
- स्वतःची ओळख सांगणारं पत्र: कॉलेजचं, संस्थेचं किंवा ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत. याशिवाय टेबलावरची फाइल हलत नाही.

आधी साधा अर्ज, मग आठवण, मग प्रत्यक्ष भेट. माहिती अधिकार शेवटी. महाराष्ट्रात तो अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, शुल्क दहा रुपये. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर ‘कार्यालयात येऊन पाहावी’ असं उत्तर येतं. म्हणून धरणाचं नाव, नोंदवहीचं नाव, कोणत्या जलवर्षापासून कोणत्या जलवर्षापर्यंत, असं नेमकं मागा. एका कार्यालयातून मला नोंदवह्यांच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो मिळाले, तेही आडवे. तरी ते घ्या. हाताने टंकताना जे लक्षात येतं ते तयार एक्सेलमध्ये कधीच दिसत नाही.

किती वर्षांचे आकडे हवेत? किमान तीस. यामागचं एक कारण सहाव्या पायरीत येईल.

४. एककं आणि तारखा एका रांगेत आणा

कंटाळवाणं काम आहे, पण इथे घसरलात तर पुढचं सगळं वाया.

जुन्या नोंदवह्या दशलक्ष घनफुटांत, नव्या दशलक्ष घनमीटरमध्ये (दलघमी), वर्तमानपत्रं टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे १,००० दशलक्ष घनफूट, म्हणजे २८.३२ दलघमी. विसर्ग क्युसेकमध्ये असतो: ११,५७४ क्युसेक पाणी अखंड चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. पाऊस मिलिमीटरमध्ये. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर म्हणजे १,००० घनमीटर, त्या हिशेबाने उजनीच्या वरच्या सगळ्या खोऱ्यावर एक मिलिमीटर म्हणजे जवळपास ०.५२ टीएमसी. हे तीन गुणाकार भिंतीवर चिकटवून ठेवा.

वर्ष म्हणजे जलवर्ष, १ जून ते ३१ मे. जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरलं तर एका मोसमाचं पाणी दोन वर्षांत फाटतं आणि २०१५-१६ सारखा दुष्काळ तक्त्यात अर्धा-अर्धा दिसतो.

आणि टक्केवारी. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, त्याखाली मृतसाठा ६३.६६ टीएमसी. बातमीत ‘शून्य टक्के’ येतं तेव्हा धरणात ६३ टीएमसीहून जास्त पाणी असतं. ‘उणे पन्नास’ म्हणजे साधारण ३६.९ टीएमसी शिल्लक. खडकवासला साखळीत टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७, मिळून २९.१५ टीएमसी, इथली टक्केवारी या उपयुक्त साठ्याची. म्हणजे दोन्हीकडचे ‘४० टक्के’ एकमेकांशेजारी ठेवण्यात काही अर्थ नाही. तक्त्यात टक्के घालूच नका, टीएमसी किंवा दलघमीच घाला.

५. येव्याचा हिशेब जुळवा

इथे घाई करू नका.

बंडगार्डनच्या पुलावरून एप्रिलमध्ये खाली पाहिलंत तर मुळा-मुठा वाहताना दिसते. ते पाणी डोंगरातून आलेलं नाही. खडकवासल्यातून उचललेलं, घराघरांतून फिरून आलेलं सांडपाणी आहे ते. पुढे त्यातलं काही मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीचं पाणी उपसणाऱ्या विहिरीतून) पुन्हा कालव्यात जातं. शहर वाढलं तसा हा उन्हाळी प्रवाह वाढत गेला. शहराच्या खालच्या मापन केंद्राचे आकडे जसेच्या तसे निर्देशांकात घातले तर ‘गेल्या तीस वर्षांत उन्हाळी दुष्काळ कमी होत चालला आहे’ असा निष्कर्ष निघेल. आकडेशास्त्राच्या दृष्टीने तो बिनचूक, आणि पाण्याच्या दृष्टीने हास्यास्पद.

धरणाखालच्या केंद्रावर दुसरी गडबड होते. तिथे दिसतो तो दरवाज्यांचा आणि आवर्तनांचा (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्यांचा) निर्णय. कालवा सल्लागार समितीने उन्हाळी आवर्तन दिलं की ‘प्रवाह’ वाढतो, नाही दिलं की आटतो. हा माणसांच्या वागण्याचा आलेख झाला.

म्हणून आधी येवा काढायचा, म्हणजे माणसाने हात लावला नसता तर त्या बिंदूवर किती पाणी आलं असतं ते. एका धरणासाठी महिन्याचा हिशेब असा:

येवा = साठ्यातला बदल + कालव्यात सोडलेलं + पिण्यासाठी व उद्योगांसाठी उचललेलं + सांडव्यावरून आणि विद्युतगृहातून नदीत गेलेलं + बाष्पीभवन

समजा ऑगस्टमध्ये साठा २.० टीएमसीने वाढला, कालव्यात ०.६ गेलं, शहराने १.४ उचललं, नदीत ३.० सोडलं आणि ०.१ उडून गेलं. येवा ७.१ टीएमसी. बातमीत दिसली होती फक्त ‘दोन टीएमसीने वाढ’. उन्हाळ्यात साठा घटतो तेव्हा पहिला आकडा उणे घ्यायचा. एकूण उत्तर थोडं उणे आलं तर बाष्पीभवन किंवा गळतीचा आकडा कमी धरलेला असतो. मोठं उणे आलं तर कुठली तरी नोंद हरवली आहे. अशा महिन्याला शून्य लिहून पुढे जाऊ नका, खूण करा आणि नोंदवही परत उघडा.

या हिशेबात नेहमी पाय अडकतो अशा जागा:

*साखळीतली दुहेरी मोजणी.* पानशेत, वरसगाव, टेमघर यांतून सोडलेलं पाणी खाली खडकवासल्यातच येतं. चारही धरणांचा येवा वेगळा काढून बेरीज केली तर तेच पाणी दोनदा मोजलं जातं. चौघांना मिळून एकच टाकी समजा. साठ्यांची बेरीज घ्या आणि बाहेर पडणारं पाणी फक्त खडकवासल्यापाशी मोजा.

*पश्चिमेला गेलेलं पाणी.* मुळशी धरण मुळा नदीवर आहे, पण त्याचं पाणी बोगद्यातून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि कोकणात जातं. ठोकरवाडीचं भिवपुरीला, वळवण-शिरवत्याचं खोपोलीला. शंभर वर्षांपासून हे चालू आहे; सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह १९२१ चा. भीमेच्या खोऱ्यात पडलेला हा पाऊस भीमेला भेटतच नाही. वळवलेल्या पाण्याचे महिन्याचे आकडे मिळाले तर येव्यात मिळवा. नाही मिळाले तर त्या धरणांचं पाणलोट क्षेत्र हिशेबातून वगळा, त्यांच्या सांडव्यावरून खाली आलेलं पाणी वजा करा आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर तसं लिहा. अंदाजाने एखादा आकडा टाकून मोकळं होण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

*नवी धरणं.* उजनी १९८० ची. वरसगाव नव्वदच्या दशकात भरू लागलं. प्रत्येक नव्या धरणाबरोबर खालच्या केंद्रावरचा प्रवाह पायरीसारखा खाली उतरतो. येवा नीट काढला असेल तर ती पायरी नाहीशी व्हायला हवी. दिसत राहिली, तर हिशेबात त्या धरणाचं काहीतरी राहिलं आहे.

*गाळ.* जुन्या तक्त्यावरून काढलेला साठा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. नवं सर्वेक्षण लागू झालं त्या वर्षी साठा एका रात्रीत घटल्यासारखा वाटतो. दोन्ही तक्ते मिळवा आणि बदल कोणत्या तारखेपासून धरला ते विचारा.

*परत येणारं पाणी.* शहर आणि कालवाक्षेत्र यांतून काही पाणी पुन्हा नदीत येतं. खडकवासल्यापाशी मोजताना हा प्रश्न येत नाही, दौंड किंवा उजनीपाशी येतो. तिथे वरच्या सगळ्या उपशातून परतीचा भाग वजा करावा लागतो. पिण्याच्या पाण्याचा ऐंशी टक्के भाग परत येतो हे अभियंत्यांचं नेहमीचं गृहीतक आहे. ते वापरा, आणि मग सत्तर व नव्वद धरूनही एकदा उत्तर काढा. दुष्काळी वर्षांचा क्रम बदलला नाही तर निर्धास्त व्हा.

पहिल्यांदाच करत असाल तर माझा सल्ला: बिंदू खडकवासलाच धरा. वर मोठं शहर नाही, मोठे कालवे नाहीत, नोंदी जुन्या आहेत. उजनीचा हिशेब दुसऱ्या खेपेला.

६. आता निर्देशांक

हाती महिन्यामहिन्याचा येवा आला की निर्देशांकाचं काम थोडं उरतं. पावसासाठी एसपीआय, म्हणजे प्रमाणित पर्जन्य निर्देशांक (१९९३ मध्ये मांडला गेला, २००९ पासून जागतिक हवामान संघटना तो सगळ्या देशांना सुचवते), आणि प्रवाहासाठी त्याच धर्तीवरचा एसएसआय, म्हणजे प्रमाणित प्रवाह निर्देशांक. दोघांचं तंत्र एकच: यंदाचा आकडा आतापर्यंतच्या सगळ्या वर्षांच्या रांगेत कुठे बसतो ते पाहायचं आणि ती जागा शून्य सरासरीच्या मोजपट्टीवर वाचायची. उणे १ ते उणे १.५ मध्यम, उणे २ पर्यंत तीव्र, त्याखाली अतितीव्र.

सॉफ्टवेअरशिवायही जमतं. चाळीस जलवर्षांचा येवा चढत्या क्रमाने लावा. क्रमांकातून ०.४४ वजा करा, एकूण वर्षांत ०.१२ मिळवून त्याने भागा. तिसरं सर्वांत कोरडं वर्ष असेल तर (३ − ०.४४) भागिले ४०.१२, म्हणजे ०.०६४. स्प्रेडशीटमधल्या प्रमाण वितरणाच्या (नॉर्मल डिस्ट्रिब्यूशनच्या) व्यस्त सूत्रात हा आकडा घातला की उणे १.५२ येतं. तीव्र दुष्काळ.

हेच सूत्र सर्वांत कोरड्या वर्षाला लावा. चाळीस वर्षं असतील तर उणे २.२. वीसच असतील तर उणे १.९ च्या आसपास. म्हणजे वीस वर्षांच्या नोंदीत १९७२ इतकं वाईट वर्ष आलं तरी या पद्धतीने ते ‘अतितीव्र’ ठरूच शकत नाही! नोंदींवर गॅमासारखं वितरण (गणिती वक्र) बसवून त्याखाली जाता येतं, पण मग ते उत्तर नोंदींपेक्षा वितरणाच्या शेपटीवरच अवलंबून राहतं. तीस वर्षांचा आग्रह यासाठी.

पट्टा, म्हणजे एकत्र धरायचा काळ, किती महिन्यांचा घ्यायचा? लांबलेल्या दुष्काळासाठी १२ आणि २४ महिने. एक-दोन महिन्यांचा एसपीआय आपल्याकडे नोव्हेंबर ते मे या काळात फसवतो. फेब्रुवारीत पुण्याला बहुतेक वर्षी पाऊस शून्यच. मग एखाद्या वर्षी अवकाळीच्या चार सरी आल्या की निर्देशांक ‘अतिओला’ दाखवतो, आणि तेव्हा धरण रिकामं होत असतं. १२ महिन्यांचा आकडा मेअखेरचा वाचा, म्हणजे नेमकं एक जलवर्ष हाती येतं.

पावसाच्या जाळीबद्दल एक इशारा. पाव अंशाची चौकट म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटर. ताम्हिणीत हजारो मिलिमीटर पडतो तेव्हा शिवाजीनगरला वर्षाकाठी सातशेच्या आसपास, आणि बारामती-दौंडकडे त्याहून कमी. ही सगळी घसरण दोन-तीन चौकटींत उरकते. खडकवासल्याचा येवा ज्या पावसावर ठरतो तो घाटमाथ्याचा पट्टा जाळीत सरासरीने पातळ होतो. धरणांवरच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी मिळवा आणि जाळीचा आकडा त्यांच्याशी ताडून घ्या. गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून पाण्याचा साठा ओळखणाऱ्या ग्रेस उपग्रहाच्या नकाशांचाही मोह पडतो. त्याची नजर शेकडो किलोमीटरची आहे, सगळ्या कृष्णा खोऱ्याला ती चालेल. खडकवासला जिच्यावर आहे त्या मुठेला नाही.

७. उंबरठा ठरवा आणि दुष्काळाचे तुकडे पाडा

निर्देशांक प्रत्येक वर्षाला गुण देतो. लांबलेला दुष्काळ कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे तो सांगत नाही. त्यासाठी उंबरठा हवा. येवा उंबरठ्याखाली गेला की दुष्काळ सुरू. किती काळ खाली राहिला ती त्याची लांबी, किती पाणी कमी पडलं ती तूट.

परदेशी लेखांत महिन्याचा ऐंशी टक्के वेळ ओलांडला जाणारा प्रवाह उंबरठा म्हणून घेतात. आपल्या मोसमी नद्यांत मार्च-एप्रिलचा नैसर्गिक प्रवाह इतका थोडा असतो की तो उंबरठा शून्यावर येतो, आणि शून्याखाली कुणी जात नाही. दुष्काळ गायब! म्हणून आपण जलवर्षाचा एकूण येवा घेऊ.

माझी पसंती ७५ टक्के विश्वासार्हतेच्या येव्याला. शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत निदान एवढं पाणी येतं, असा तो आकडा. आपले सिंचन प्रकल्प याच आकड्यावर आखले गेले. बच्छावत लवादाने (वर आलेला कृष्णा लवाद) कृष्णेचं वाटप केलं तेही याच आधारावर, १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या नोंदींतून. हा उंबरठा घेतला की अभियंत्यांशी बोलणं सोपं होतं. मात्र त्यात चारातलं एक वर्ष तुटीचं असणार हे आधीच मान्य केलेलं आहे. एकट्या तुटीच्या वर्षाला दीर्घकालीन दुष्काळ म्हणू नका. सलग किंवा जोडून आलेली वर्षं शोधा.

‘जोडून’ म्हणजे काय ते उदाहरणाने पाहू. उंबरठा ८० धरा आणि सहा वर्षांचा येवा ६२, ७१, १०४, ५८, ९०, १३०. वरवर पाहिलं तर दोन दुष्काळ: पहिला दोन वर्षांचा, दुसरा एका वर्षाचा. आता तूट पुढे ओढत चला. पहिल्या वर्षी १८, दुसऱ्या वर्षाअखेर २७. तिसऱ्या वर्षी २४ जास्त आले, तूट ३ वर आली पण फिटली नाही. चौथ्यात पुन्हा २५, पाचव्यात १५, सहाव्यात शून्य. म्हणजे हा एकच दुष्काळ, पाच वर्षं टिकलेला आणि दुसऱ्या वर्षी सर्वांत खोल. उधारी एका हप्त्याने फिटत नाही, तसंच हे.

पण ही ओढलेली तूट सगळीकडे सारखी खरी नसते. खडकवासला साखळी चांगल्या वर्षी भरते आणि वरचं पाणी सांडव्यावरून निघून जातं. ते पुढच्या वर्षासाठी राखता येत नाही. तिथे तुटीचा आणि भरण्याचा हिशेब वर्षागणिक नव्याने मांडणं जास्त प्रामाणिक. उजनीसारख्या मोठ्या पोटाच्या धरणाला ओढलेली तूट जास्त लागू पडते. दोन्ही आकडे काढा आणि कोणता कुठल्या प्रश्नाला वापरला ते लिहा.

८. विहिरींना विचारा

भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. आपल्याला ऑक्टोबर आणि मे पुरे. ऑक्टोबर सांगतो पाणी किती मुरलं, मे सांगतो किती उरलं.

खाली काळा पाषाण आहे. बेसाल्टच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात मावतं तेवढंच पाणी, आकारमानाच्या एक ते तीन टक्के. म्हणून इथलं भूजल चांगल्या पावसात पटकन भरतं आणि तितक्याच लवकर आटतं. गंगेच्या गाळाच्या मैदानात भूजलातला दुष्काळ वर्षानुवर्षं रेंगाळतो, आपल्याकडे उथळ विहिरींत तो सहसा एका-दोन मोसमांत फिटतो. पातळी वर्षामागून वर्ष खालीच जात असेल तर पावसाच्या आधी उपशाकडे बघा: ऊस, बोअर, शेततळी.

पातळीची तुलना सहसा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी केली जाते. त्या पाचांत दोन दुष्काळी वर्षं असली की सरासरीच खाली बसते आणि यंदाचं वाईट वर्ष बरं दिसतं. तुमची तुलना पूर्ण नोंदीशी करा. कोरडी पडलेली विहीर नोंदीत रिकामी जागा म्हणून येते. ती जागा गाळू नका, ‘तळाखाली’ असं धरा. गाळली तर सर्वांत वाईट वर्षं सरासरीतून आपोआप बाहेर पडतात.

९. पडताळा

पावसाचा आणि येव्याचा १२ महिन्यांचा निर्देशांक एकाच आलेखावर काढा. १९७२, २००२, २०१५, २०१८ ही नावाजलेली वर्षं कुठे दिसतात ते पाहा. वरच्या खोऱ्यात त्यांतलं एखादं फारसं खोल नसेल तर दचकू नका. राज्याचा दुष्काळ आणि मुठेचा दुष्काळ एक नव्हेत: मराठवाडा होरपळत असताना घाटमाथ्यावर बेताचा तरी पाऊस झालेला असू शकतो. पाऊस ठीक पण येवा पडलेला असं वर्ष दिसलं, तर आधी पाचवी पायरी पुन्हा तपासा, मग वरच्या भागातली नवी शेततळी, बंधारे, जमीनवापर यांकडे वळा.

काळानुसार कल काढायचा असेल तर मान-केंडॉल चाचणी (कल खरा आहे का हे तपासते) आणि सेनचा उतार (कल किती वेगाचा ते सांगतो) वापरा, पण येव्यावर. मोजलेल्या प्रवाहावर काढलेला उतार हवामानाचा म्हणून छापू नका. त्यात धरणं, शहर आणि ऊस सगळेच मिसळलेले असतात.

शेवटचा पडताळा माणसांचा. कालव्याच्या शेपटाकडच्या, इंदापूरकडच्या गावांत जा आणि कोणत्या वर्षी उन्हाळी आवर्तन आलंच नाही ते विचारा. पाणीवापर संस्थांकडे पाणीपट्टीच्या पावत्या असतात, टँकरच्या नोंदी पंचायत समितीत. तुमचा सर्वांत खोल दुष्काळ आणि त्यांचं सर्वांत वाईट वर्ष वेगळं निघालं तर दोन्ही खरी असू शकतात. त्यांना लागलेली झळ पाण्याच्या वाटपाचीही असते. तुम्ही मोजलाय फक्त येवा.

१०. अहवाल लिहिताना

निष्कर्षाच्या आधी हिशेबाचं पान: बिंदू कोणता, क्षेत्र किती, जलवर्षं कोणती, काय मिळवलं, काय वगळलं, परतीचं पाणी किती टक्के धरलं. मग दुष्काळांची यादी, प्रत्येकासमोर सुरुवातीचं जलवर्ष, लांबी, तूट टीएमसीमध्ये आणि सर्वांत खोल वर्षाचा निर्देशांक. नकाशा एकच पुरे. रंगीत आलेखांपेक्षा मासिक येव्याचा तक्ता जोडा. पुढचा माणूस तोच उघडणार आहे.

‘पुढच्या पाच वर्षांत दुष्काळ येईल का’ हा प्रश्न सादरीकरणात हमखास येतो. या पद्धतीने त्याचं उत्तर मिळत नाही, आणि तसं तिथल्या तिथे सांगून टाकावं. तीस-चाळीस वर्षांत असे किती आले आणि किती टिकले, एवढंच तिच्यातून कळतं.

तक्ता दरवर्षी पुढे न्यायचा असेल तर दोन तारखा धरा. १५ ऑक्टोबरचा साठा, कारण रब्बी आणि उन्हाळ्याच्या पाण्याचं नियोजन त्यावर होतं. आणि ३१ मे, कारण तिथे जलवर्ष बंद होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिलात तर गेल्या वर्षाच्या नोंदी मिळतात. त्यानंतर पूरनियंत्रण कक्ष सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत तुमच्या अर्जाकडे बघायला कुणाला वेळ नसतो.